राउटरच्या रांगेत पहिला मान मिळूनही उशीर किती होतो?

घरात एक जण व्हिडिओ कॉलवर बोलत असतो. तेवढ्यात दुसरा कुणी मोठी फाइल अपलोडला लावतो आणि बोलणाऱ्याचा आवाज तुटायला लागतो. यावर सांगितला जाणारा उपाय ठरलेला आहे: राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटना, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्यांना, प्राधान्य द्या. उपाय बरोबर आहे. पण प्राधान्य दिल्यावर उशीर नेमका किती उरेल असं विचारलं, तर बहुतेक वेळा ‘बराच कमी होईल’ एवढंच उत्तर मिळतं. बराच म्हणजे किती? आणि ज्यांना प्राधान्य मिळालं नाही त्यांच्या वाट्याला काय येईल? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देता येतात, आणि त्यासाठी शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे फारसं काही लागत नाही.

राउटरचं काम तसं साधं आहे. पॅकेट आलं की त्याला कुठे जायचंय ते बघायचं आणि त्या बाजूच्या लिंकवर, म्हणजे पुढे नेणाऱ्या तारेवर, सोडायचं. लिंक मोकळी असेल तर पॅकेट लगेच निघतं, नसेल तर रांगेत थांबतं. या सगळ्यात वेळ चार ठिकाणी जातो. पत्ता बघण्याचा वेळ आजच्या उपकरणांत इतका थोडा असतो की तो सोडून देऊ. अंतर कापायचा वेळ प्रकाशाच्या वेगावर ठरतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद. तिथे कुणालाही कितीही मान दिला तरी फरक पडत नाही. तिसरा वेळ पॅकेटचे सगळे बिट एकामागून एक तारेवर चढवायचा. १,५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला १० मेगाबिटच्या लिंकवर ते चढवायला १.२ मिलिसेकंद लागतात, १ गिगाबिटच्या लिंकवर फक्त १२ मायक्रोसेकंद. हे १.२ मिलिसेकंद लक्षात ठेवा, पुढचा बराचसा हिशेब त्यांच्यावर उभा आहे. चौथा वेळ रांगेत थांबण्याचा. प्राधान्याचा संबंध फक्त याच चौथ्या वेळाशी आहे.

प्राधान्य देण्याची सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे दोन रांगा. लिंक मोकळी झाली की आधी वरची रांग बघायची. तिथे एक जरी पॅकेट असलं तरी तेच पाठवायचं. वरची रांग पूर्ण रिकामी असेल तरच खालच्या रांगेला हात लावायचा. कोणतं पॅकेट कोणत्या रांगेत जाणार हे त्याच्या हेडरमधल्या, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीला पत्ता वगैरे लिहिलेल्या भागातल्या, ६ बिटांच्या खुणेवरून ठरवता येतं. ही खूण १९९८ साली आरएफसी २४७४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात निश्चित झाली आणि आवाजाच्या पॅकेटवर सहसा ४६ हा आकडा टाकतात.

आता वरच्या रांगेत आलेल्या पॅकेटला थांबावं का लागतं? याचं पहिलं कारण अनेकांच्या लक्षातच येत नाही. एकेरी रेल्वेमार्गावर मालगाडी सुटलेली असताना मागून एक्सप्रेस आली, तर ती कितीही महत्त्वाची असली तरी मालगाडी पुढच्या स्थानकात पोचेपर्यंत थांबणं भाग आहे. राउटरमध्येही तसंच. तारेवर चढायला लागलेलं पॅकेट मध्येच तोडून बाजूला काढता येत नाही. प्राधान्य म्हणजे ‘यानंतर तुझा नंबर’. ‘आत्ता’ असं ते कधीच नसतं. दुसरं कारण म्हणजे आपल्याच वर्गातले, आपल्याआधी आलेले. वरच्या रांगेतही रांग असतेच.

एक उदाहरण घेऊन आकडे मांडू. १० मेगाबिटची लिंक. तिच्यावर आवाजाचे २५ कॉल चालू आहेत. जी.७११ या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघतं. त्यात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर, मिळून २०० बाइट. एका कॉलचे होतात सेकंदाला ८० किलोबिट, २५ कॉलचे २ मेगाबिट. म्हणजे आवाजाने लिंकचा २०% वेळ घेतला. उरलेल्यात १,५०० बाइटच्या पॅकेटांचा डेटा आहे ७ मेगाबिट, म्हणजे ७०%. एकूण भार ९०%. आवाजाचं एक पॅकेट चढायला ०.१६ मिलिसेकंद लागतात, डेटाचं १.२.

आवाजाचं पॅकेट कुठल्याही क्षणी येऊन थडकतं. त्या क्षणी डेटाचं पॅकेट तारेवर असण्याची शक्यता ७०%. ते सुरुवातीला आहे, मध्यावर आहे की संपत आलंय हे सांगता येत नाही, म्हणून सरासरी अर्धं उरलेलं धरायचं: ०.६ मिलिसेकंद. ०.७ गुणिले ०.६ म्हणजे ०.४२. आवाजाचंच पॅकेट तारेवर असण्याची शक्यता २०%, उरलेला अर्धा वेळ ०.०८, गुणाकार ०.०१६. दोन्हींची बेरीज ०.४३६ मिलिसेकंद. तारेवर आधीच चढलेल्यासाठी सरासरी इतकं थांबावं लागतं, आणि ते सर्वांना सारखंच, मान असो वा नसो.

आता रांगेतलं. आवाजाच्या पॅकेटचा सरासरी प्रतीक्षाकाळ आपल्याला माहीत नाही, त्याला ‘प’ म्हणू. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम इथे फार कामी येतो: रांगेत सरासरी किती जण उभे असतात, तर येण्याचा दर गुणिले थांबण्याचा वेळ. त्यावरून आवाजाच्या रांगेत आधीच साचलेलं काम सरासरी ०.२ प इतकं निघतं. म्हणजे प बरोबर ०.४३६ अधिक ०.२ प. सोडवलं की प येतो ०.४३६ भागिले ०.८, म्हणजे ०.५४५ मिलिसेकंद.

डेटाच्या पॅकेटचा प्रतीक्षाकाळ ‘ड’ धरू. त्याला तारेवरच्यासाठी ०.४३६ थांबावं लागतं, आधीपासून उभ्या आवाजासाठी ०.२ प, आधीपासून उभ्या डेटासाठी ०.७ ड. पण एवढ्यावर भागत नाही. ते उभं असताना मागून आलेली आवाजाची पॅकेटं त्याच्या पुढे घुसत राहतात, त्यांचे आणखी ०.२ ड. म्हणजे ड च्या हिश्श्यातले ०.९ उजवीकडेच अडकले, हातात उरलं ०.१ ड. ते ०.४३६ अधिक ०.२ प, म्हणजे ०.५४५ च्या बरोबर, म्हणून ड निघतो ५.४५ मिलिसेकंद.

प्राधान्य नसतं, सगळे एकाच रांगेत असते, तर? तेव्हा ०.४३६ भागिले ०.१, म्हणजे प्रत्येकाला ४.३६ मिलिसेकंद. आवाजाचा उशीर आठ पटींनी घटला आणि डेटाचा एक चतुर्थांशाने वाढला. याहून चांगला सौदा मिळणं अवघड आहे. कितीही वर्ग असले तरी चालणारं या हिशेबाचं सूत्र अ‍ॅलन कोबम यांनी १९५४ साली दिलं, म्हणजे पॅकेट ही कल्पनाच यायच्या आधी. रांगेचं गणित टेलिफोन आणि कारखान्यांच्या निमित्ताने वाढलं होतं; राउटरला ते तयार मिळालं.

या सौद्याची किंमत कुठे चुकवली जाते तेही तपासता येतं. प्रत्येक वर्गाचा भार आणि त्याचा प्रतीक्षाकाळ यांचा गुणाकार करून बेरीज करा. प्राधान्य असताना ०.२ गुणिले ०.५४५ अधिक ०.७ गुणिले ५.४५, म्हणजे ३.९२४. प्राधान्य नसताना ०.९ गुणिले ४.३६, पुन्हा ३.९२४. हा योगायोग नाही. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ साली दाखवलं की लिंक उगाच रिकामी बसत नसेल, चालू पॅकेट मध्येच तोडलं जात नसेल आणि ते किती मोठं आहे हे बघून नंबर लावला जात नसेल, तर रांगेचे नियम कसेही बदलले तरी ही बेरीज हलत नाही. प्राधान्याने वेळ तयार होत नाही. एकाच्या वाट्याचा उशीर दुसऱ्याच्या ताटात जातो, इतकंच. आवाजाच्या बाबतीत हे परवडतं, कारण त्याचा भार थोडा आणि पॅकेटं छोटी.

ही अट सुटली की काय होतं तेही बघा. समजा व्हिडिओही महत्त्वाचा, बॅकअपही महत्त्वाचा, मोठ्या साहेबांचं सगळंच महत्त्वाचं, असं करत ९०% पैकी ८५% भार वरच्या रांगेत गेला आणि सगळीच पॅकेटं १,५०० बाइटची आहेत. तारेवरच्यासाठी थांबणं होतं ०.९ गुणिले ०.६, म्हणजे ०.५४. एकच रांग असती तर सर्वांना ५.४ मिलिसेकंद. आता वरच्यांना ०.५४ भागिले ०.१५, म्हणजे ३.६, आणि खालच्या बिचाऱ्या ५ टक्क्यांना ३६ मिलिसेकंद. वरच्यांना मिळालं दीडपट सुख, खालच्यांची जवळजवळ सातपट फरफट. आणि वरच्यांचा भार जर १००% ला टेकला, तर खालची रांग हलायचीच थांबते. म्हणून कडक प्राधान्य देताना वरच्या वर्गाला दराची मर्यादा घालणं हा माझ्या मते ऐच्छिक भाग नाही. आवाजासारख्या वाहतुकीच्या वर्गाची व्याख्या १९९९ साली आरएफसी २५९८ मध्ये पहिल्यांदा लिहिली गेली, तेव्हाही अशा मर्यादेची सक्ती तिथे होती. त्यासाठी सहसा टोकन बकेट वापरतात: ठरलेल्या दराने बादलीत टोकन पडत राहतात, पॅकेट जाताना आपल्या आकाराइतके टोकन खर्च करतं, आणि बादली रिकामी असेल तर पॅकेट टाकून दिलं जातं किंवा थांबवलं जातं.

इथे एक प्रामाणिक खुलासा हवा. वरच्या सूत्रात पॅकेटं एकमेकांशी संबंध न ठेवता, स्वैर येतात असं धरलंय. बऱ्याच कॉलच्या मिश्रणाला हे गृहीतक बऱ्यापैकी लागू पडतं. डेटाला नाही. बेलकोर या प्रयोगशाळेतल्या इथरनेटची, म्हणजे तिथल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याची, मोजमापं घेऊन लेलँड, टॅक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की डेटा लाटांनी येतो, आणि सेकंदावर बघा की मिनिटांवर, लाटा सपाट होत नाहीत. त्यामुळे डेटाचा ५.४५ हा आकडा प्रत्यक्षात बराच आशावादी ठरू शकतो. आवाजाचा ०.५४५ मात्र फारसा हलत नाही, कारण खाली कितीही मोठी लाट येवो, आवाजाच्या पॅकेटच्या वाटेत डेटाचं जास्तीत जास्त एकच पॅकेट असतं, जे तारेवर आहे ते. मला प्राधान्याचा खरा फायदा हा वाटतो. सरासरी कमी होणं ही एक गोष्ट. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या बेशिस्तीपासून मिळणारं संरक्षण.

पण सरासरीवर कॉल चालत नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूला आवाज सलग वाजवायचा तर उशिरा येणाऱ्या पॅकेटसाठी थोडा वेळ राखून ठेवावा लागतो आणि तो किती ठेवायचा हे सगळ्यात उशिरा येणाऱ्या पॅकेटांवर ठरतं. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारायचा: वाईटात वाईट काय होईल? आपल्या उदाहरणात २५ कॉलची २५ पॅकेटं दुर्दैवाने एकाच क्षणी येऊन पडली, आणि त्याच्या अगदी आधी डेटाचं पॅकेट तारेवर चढायला लागलं. शेवटच्या पॅकेटला डेटाचे १.२ मिलिसेकंद थांबावं लागेल, मग स्वतःला धरून २५ वेळा ०.१६, म्हणजे ४. एकूण ५.२ मिलिसेकंदांत ते तारेवरून पूर्ण गेलेलं असेल. सरासरीच्या जवळजवळ दहापट, पण याच्या पलीकडे नाही. शक्यतांचं गणित न करता अशा पक्क्या मर्यादा काढण्याचं शास्त्र रेने क्रूझ यांनी १९९१ साली मांडलं. त्याला आज नेटवर्क कॅल्क्युलस म्हणतात. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: वरच्या वर्गाची जास्तीत जास्त एकदम येणारी झुंड आणि खालच्या वर्गाचं सगळ्यात मोठं पॅकेट यांची बेरीज करा, लिंकच्या वेगाने भागा.

एका राउटरपुरतं हे सोपं आहे. पुढच्या राउटरला मात्र कॉल तसे शिस्तीत दर २० मिलिसेकंदांनी येत नाहीत. आधीच्या राउटरमध्ये एक पॅकेट रखडलं आणि त्यामागचं रखडलं नाही, तर दोघं जवळ येतात. झुंड वाढते, वाढलेली झुंड पुढच्या ठिकाणी जास्त उशीर करते, त्या उशिराने झुंड आणखी वाढते. अ‍ॅना चार्नी आणि जाँ-इव्ह ल बुदेक यांनी २००० साली याचं एक धक्कादायक रूप दाखवलं. जाळ्याची रचना कशीही असली तरी लागू पडणारी पक्की मर्यादा हवी असेल, तर त्यांचं सूत्र प्रत्येक लिंकवरचा वरच्या वर्गाचा भार, राउटरांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्याच्या व्यस्तापेक्षा कमी असेल तरच चालतं. ११ राउटरचा मार्ग असेल तर १०% च्या खाली. याचा अर्थ ११% वर कॉल कोसळतील असा नाही. प्रत्यक्षात इतकी वाईट जुळवाजुळव क्वचितच होते. पण ‘वरचा वर्ग हलका ठेवा’ या अनुभवी लोकांच्या सल्ल्यामागे असं भक्कम कारण आहे.

मार्गावरच्या अनेक राउटरचे उशीर एकत्र करताना सरासऱ्यांची बेरीज बिनदिक्कत करावी. प्रत्येक ठिकाणच्या ‘१०० पैकी ९९ पॅकेटं एवढ्यात निघतात’ अशा आकड्यांची बेरीज केली तर उत्तर सहसा फुगतं, कारण एकच पॅकेट सगळ्या ठिकाणी दुर्दैवी ठरत नाही.

लिंकच्या वेगाने या सगळ्याचं महत्त्व पार बदलतं. ६४ किलोबिटच्या लिंकवर १,५०० बाइटचं एक पॅकेट चढायला १८७.५ मिलिसेकंद लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते की बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना संभाषण सहज वाटतं. म्हणजे एकच मालगाडी आडवी आली की संपलं. म्हणून अशा संथ लिंकच्या काळी मोठ्या पॅकेटचे तुकडे करून मध्ये आवाजाची पॅकेटं घुसवत. उलट १० गिगाबिटवर तेच पॅकेट १.२ मायक्रोसेकंदांत जातं आणि तारेवरच्यासाठी थांबणं नगण्य होतं. गंमत अशी की तुकडे करण्याची कल्पना कारखान्यांतल्या आणि गाड्यांतल्या नेटवर्कसाठी परत आली. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१६ च्या ८०२.१ क्यूबीयू आणि ८०२.३ बीआर या मानकांनी चालू फ्रेम, म्हणजे तारेवर चढत असलेलं पॅकेट, मध्येच थांबवायची सोय केली. तरी साधारण सव्वाशे बाइटचा शेवटचा तुकडा तोडता येत नाही. १०० मेगाबिटवर १२० मायक्रोसेकंदांचं थांबणं त्यामुळे १० च्या आसपास येतं.

चालू राउटरवर या क्षणी उशीर किती आहे हे काढायचं असेल, तर रांगेत साचलेले बाइट बघायचे. वरच्या रांगेसाठी ते सरळ लिंकच्या वेगाने भागायचे आणि तारेवरच्या एका मोठ्या पॅकेटचा वेळ मिळवायचा. खालच्या रांगेसाठी हीच पद्धत लावणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. समजा डेटाच्या रांगेत ७५,००० बाइट साचलेत. १० मेगाबिटने भागलं तर ६० मिलिसेकंद येतात. पण रांग सरकत असताना आवाजाची पॅकेटं येत राहणार आणि लिंकचा २०% घेत राहणार. डेटाला उरतात ८ मेगाबिट, आणि खरं उत्तर आहे ७५ मिलिसेकंद. खालच्या रांगेतल्याने समोर कोण उभं आहे एवढंच बघून चालत नाही. अजून न आलेल्यांचाही हिशेब धरावा लागतो.

बाहेरून मोजताना साधा पिंग, म्हणजे एक पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं, हमखास फसवतो. त्याच्या पॅकेटवर प्राधान्याची खूण नसते, म्हणून तो खालच्या रांगेतून जातो आणि आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय राउटरला स्वतःला पिंग केलं तर उत्तर द्यायचं काम त्याच्या प्रोसेसरकडे जातं, जिथे ते सगळ्यात बिनमहत्त्वाचं मानलेलं असू शकतं. ज्या वर्गाचा उशीर हवाय त्याच वर्गाची खूण घातलेली चाचणी-पॅकेटं पाठवावीत. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा हवा असेल तर दोन्ही टोकांची घड्याळं आधी जुळवून घ्यावीत, नाहीतर घड्याळांतला फरकच उशीर म्हणून नोंदला जातो.

आणि आता पुन्हा घरातल्या त्या कॉलकडे. राउटरमध्ये प्राधान्य लावलं, हिशेब एक-दोन मिलिसेकंदांचा आला, तरी आवाज तुटतोच, असं पुष्कळदा होतं. कारण रांग राउटरमध्ये लागलेलीच नसते. राउटर मोडेमला, म्हणजे घराला इंटरनेट कंपनीच्या तारेशी जोडणाऱ्या उपकरणाला, गिगाबिटने पॅकेटं देतो, मोडेम बाहेर ५ मेगाबिटने सोडतो, म्हणून सगळी गर्दी मोडेमच्या आतल्या साठ्यात होते, आणि तिथे एकच रांग असते, खुणा बघणारं कुणी नसतं. समजा तो साठा २५६ किलोबाइटचा आहे. भरला की त्यातून बाहेर पडायला ०.४१ सेकंद लागतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे लोकांचं लक्ष वेधलं आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ झालं. उपाय असा की राउटरला सांगायचं, बाहेर फक्त ४.५ मेगाबिटनेच सोड. मोडेमपेक्षा थोडा कमी वेग ठेवला की मोडेमचा साठा रिकामाच राहतो, रांग राउटरमध्ये लागते, आणि तिथे प्राधान्याचा नियम लागू असतो. अर्धा मेगाबिट गेला. पण अपलोड चालू असतानाही आवाजाच्या पॅकेटला आता १,५०० बाइटच्या एकाच पॅकेटसाठी थांबावं लागतं, आणि ४.५ मेगाबिटवर त्याला पावणेतीन मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो.